विमानाच्या नाकात अंगारा

मी आयुष्यात कधी विमानात बसले नाही. पण एक विमान माझ्या हातून पडता पडता राहिलं, आणि त्यात माझा नवरा बसलेला होता. हे वाक्य मी दोनदा खोडून मग लिहिलं आहे. वय झालं की भीती ओसरते असं म्हणणारी माणसं बहुतेक कधी नीट भ्यालेलीच नसतात, असं माझं मत आहे.

आम्ही तेव्हा हिंगोलीत राहत होतो, जुन्या छावणीच्या अलीकडे. हे जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय आमच्या पिढीला नाही, लिहितानाही हात अडतो, तेव्हा इथंही ते 'हे'च राहतील. निजामाचं राज्य होतं आणि तिकडे विलायतेत युद्ध सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. पावसाळ्यात फॅक्टरी बंद असायची, मग हे जिनांचे रूळ, पट्टे, बॉयलर सगळं उघडून बसायचे. घरातला कंदील महिनाभर गळत असला तरी या माणसाला त्याचं काही नव्हतं, पण फॅक्टरीतल्या नळीला एक थेंब फुटला की जेवण गोड लागत नसे. यावरून मी त्यांना पुष्कळ बोलले आहे.

त्यांच्या कामात एक रिवाज होता. बॉयलर ज्यानं उघडून दुरुस्त केला, त्यानंच पहिली वाफ धरताना त्याच्याजवळ उभं राहायचं. बाकीचे सगळे लांब आवाराच्या भिंतीपाशी. फुटला तर करणाऱ्याच्या अंगावर फुटेल, हा त्यातला अर्थ. मला हा रिवाज मुळीच पसंत नव्हता. दरवर्षी त्या दिवशी सकाळी मी औंढ्याच्या नागनाथाचा अंगारा काढून त्यांच्या कपाळाला लावायची. हे नको नको म्हणायचे, पण कपाळ मात्र खाली करायचे.

हा अंगारा मी श्रावणातल्या एखाद्या सोमवारी औंढ्याला जाऊन कागदाच्या पुडीत घेऊन यायची आणि वर्षभर पुरवायची. साधी भीती असली तर कपाळाला. ताप असला तर पाण्यात घालून पोटात. गाय आटली तर तिच्या ओठांना. भीती जेवढी मोठी, तेवढा अंगारा आत गेला पाहिजे, असा माझा हिशेब होता. तो मला कुणी शिकवला नव्हता, पण मला त्याची खात्री होती.

त्या वर्षी श्रावण संपत आला असताना विमान आलं. आभाळ चार दिवस उतरून आलेलं, छपरांना टेकेल की काय असं. ढगातून घरघर ऐकू येत होती आणि ती एका जागी फिरत होती. आम्ही बाया अंगणात उभ्या राहून वर बघत होतो आणि दिसत काहीच नव्हतं. मग एकाएकी ते छावणीच्या कवायतीच्या मैदानावर ढगातून तिरपं बाहेर पडलं, सावरलं, आणि चिखलात घसरत जाऊन मेंढरांच्या कळपापासून हातभर अंतरावर थांबलं. लहानसंच होतं, दोन माणसं एकामागं एक बसतील एवढं. आत एकच जण होता, हैदराबादचा, तिशीच्या आतला. तो खाली उतरला आणि पंखाला धरून तसाच उभा राहिला.

गावात यंत्रातलं कळणारं माणूस कोण, अशी विचारणा झाली आणि फॅक्टरीतून ह्यांना बोलावणं गेलं. हे दिवसभर विमानाच्या पोटात डोकं घालून होते. संध्याकाळी घरी आले ते एका निराळ्याच तोंडानं. जेवताना त्यांनी मला जे सांगितलं ते मला पुढं जन्मभर पुरलं.

विमानात घड्याळासारख्या तबकड्या असतात, म्हणाले. त्यातल्या काहींच्या पोटात भोवरे असतात. इंजिनाला जोडलेला एक पंप हवा ओढतो, त्या हवेच्या झोतानं भोवरा फिरतो, आणि फिरता भोवरा सरळ उभा राहतो. विमान कलंडलं तरी भोवरा कलंडत नाही, म्हणून त्याच्याकडं बघून वर कुठं आणि खाली कुठं ते ओळखायचं. मी म्हटलं, त्याला भोवरा कशाला पाहिजे, डोळे नाहीत का.

"ढगात डोळे काय कामाचे?" हे म्हणाले. "आपून सरळ चाललो असं मानसाला वाटतं, अन् विमान जमिनीकडं जाऊन राहिलेलं असतं. भोवरा खोटं बोलला का संपलं."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. माणसाला वरखाली कळत नाही अशी जागा जगात असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आमच्या घरावरच ती चार दिवस लोंबत होती.

बिघाड कुठं होता तेही ह्यांनी शोधलं होतं. भोवऱ्यांकडं जाणारी हवा आधी एका पत्र्याच्या गोल डबीतून जायची. डबीच्या झाकणाला चाळणीसारखी भोकं, तळाला नळी, आणि मध्ये बुरणुसाची, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीची, जाड चकती. ती चकती कुजून तिचा भुसा झाला होता आणि नळी तुंबली होती. नवी चकती हैदराबादेहून मागवायची तर कधी येईल त्याचा भरवसा नव्हता. हे म्हणाले, आपण करू.

शेजारी पिंजारी चाचा राहायचे, सत्तरीचे. एका डोळ्यात फूल पडलेलं, पण हात अजून पक्का. त्यांच्या बापानं छावणीतल्या घोड्यांच्या खोगिरांखाली घालायचे बुरणूस केले होते. छावणी उठली, घोडे गेले, चाचा गाद्या पिंजत राहिले. पण ती विद्या हातात होती. हे त्यांच्याकडं गेले आणि काय पाहिजे ते खुणा करून, चित्र काढून सांगितलं. चाचांनी दोन दिवस लोकर पिंजली, भिजवली, साबणाच्या पाण्यात मळली, लाटली, बडवली. तीन पातळ चकत्या झाल्या, भाकरीसारख्या गोल, मऊ आणि घट्ट. त्या एकावर एक ठेवून कडेनं शिवायचं काम माझ्याकडं आलं. एक तंतूसुद्धा सुटा राहता कामा नये, असं हे दहादा बजावत होते. शिवणयंत्रात दोरा गुंततो तसा कुठं तरी गुंतत असेल, एवढंच मी समजले. आणखी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मला वाटलं होतं काम झालं, विमान जाईल, आपण मैदानावर उभं राहून बघू. तिसऱ्या दिवशी पेट्रोलचे डबे रेल्वेनं आले आणि संध्याकाळी हे सहज सांगावं तसं म्हणाले की उद्या सकाळी मीही जातोय. विमानवाल्यानं विचारलं होतं. हैदराबादला विमानं दुरुस्त करायच्या त्यांच्या कारखान्यात हाताच्या माणसांची गरज होती, तिथल्या मिस्त्रीला हे काम दाखवायचं आणि पसंत पडलं तर तिथंच राहायचं. ह्यांच्या डोळ्यांत असा उजेड मी लग्नात पाहिला नव्हता. मी भांडले. रडले. नको ते बोलले. ते ऐकत होते, आणि शेवटी एकच बोलले.

"माझ्या हातचं काम हाय. मी बसलो न्हाई तर दुसऱ्यानं काहून बसावं?"

तो बॉयलरचा रिवाज.

सकाळी हे आंघोळीला गेले. डबी कोनाड्यात होती, चकती बसवून झाकण लावलेलं, विमानात नुसती जोडायची तेवढी. मी पुडी काढली ती त्यांच्या कपाळासाठीच. पण हातात घेतल्यावर वाटलं, कपाळाला लावलेलं वर वाऱ्यात किती टिकणार? भीती साधी नव्हती. ढगात माणसाचं कपाळ काय करणार, तिथं सगळा भार त्या भोवऱ्यावर. आणि भोवऱ्याकडं जाणारी हवा या डबीतून जाते. म्हणजे हे विमानाचं नाक. नाकातून आत गेलेला अंगारा थेट भोवऱ्यापर्यंत पोचेल, तिथं नागनाथ स्वतः बसेल. मला हे अगदी सरळ दिसलं. झाकण काढलं, मीच शिवलेली चकती अलगद उचलली, आणि तळाशी, नळीच्या तोंडापाशी, चांगली चिमूटभर राख ठेवली. थोडी कमी वाटली म्हणून आणखी एक चिमूट. चकती होती तशी बसवली, झाकण लावलं, पदरानं बोटं पुसली. मग हे आले आणि नेहमीसारखं कपाळ खाली केलं. मी तिथंही लावला.

मैदानावर अर्धं हिंगोली लोटलं होतं. डबी जोडली गेली, इंजिन सुरू झालं, तबकड्यांवरचे काटे नीट उभे राहिले असं विमानवाल्यानं हात वर करून दाखवलं. हे मागच्या जागेवर बसले. माझ्याकडं बघितलं असेल, पण डोळ्यांवर विमानवाल्यानं दिलेला चष्मा होता, कळलं नाही. विमान उठलं, छावणीच्या कडुलिंबांवरून गेलं, आणि ढगात शिरलं. घरघर काही वेळ राहिली. लोक पांगले. मी मात्र खरं सांगायचं तर निर्धास्त होते. गावात माझ्याएवढं निर्धास्त त्या वेळी कुणी नसेल.

परतताना चाचा माझ्याबरोबर चालत होते. स्वतःच्या बुरणुसाचं कौतुक त्यांना आवरत नव्हतं. मी हसून म्हटलं, चाचा, तुमी विमानाला चांगलं नाक करून दिलं. चाचा म्हणाले, नाक नाही.

"बेटी, पिंजताना आमी तोंडाला फडकं बांधतो, ते काहून? रुईचा कण आत गेला का छाती धरती. ती डबी म्हंजी विमानाच्या तोंडावरलं फडकं. हवा आत सोडायची, धूळ भाईर ठिवायची. राखेएवढा बारीक कण जरी आत गेला तरी भोवरा बसतो अन् पंपबी खराब होतो. तुज्या मालकानंच मला सांगितलं."

राख हा शब्द त्यांनी आपसूक वापरला. मी रस्त्यातच खाली बसले. चाचांना वाटलं, नवऱ्याच्या काळजीनं चक्कर आली. त्यांनी कुणाच्या तरी घरून पाणी आणलं. मी ते प्यायले नाही. फडक्याच्या आतल्या बाजूला, अगदी तोंडाला लावून, मी राख ठेवली होती. बाहेरून आली असती तर चाचांच्या तीन चकत्यांनी अडवली असती. मी त्या तिन्ही चकत्या ओलांडून, स्वतःच्या हातानं, राख आत पोचवली होती. तिथून पुढं भोवऱ्यापर्यंत नुसती मोकळी नळी.

मी चाचांना सगळं सांगितलं. त्यांच्या आधी आणि नंतर आठ वर्षं दुसऱ्या कुणालाही नाही. चाचांनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. मग म्हणाले, ऊठ, टेसनावर जाऊ.

स्टेशनवरच्या तारबाबूला आम्ही काय सांगणार होतो, ते आमचं आम्हालाच माहीत नव्हतं. हैदराबादला तार करा, एवढं मी म्हटलं. काय लिहू, त्यानं विचारलं. मी म्हटलं, लिहा, डबी उघडा. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. वेड्या बाईला समजवावं तसं त्यानं समजावलं की तार पोचून कुणी ती त्यांच्या हातात देईपर्यंत विमान एक तर उतरलेलं असेल. पुढचं वाक्य त्यानं गिळलं. पण माणूस भला होता. त्यानं यंत्रावर टकटक करून पूर्णेच्या स्टेशनला विचारलं, विमान दिसलं का. आम्ही बाकावर बसलो. त्या टकटकीकडं मी अशी बघत होते की जणू तिच्यातच माझा जीव अडकलाय.

उत्तर आलं. दिसलं नाही. ढगात आवाज ऐकू आला, एका जागी फिरत होता. मग बंद झाला.

तारबाबूनं हे हळू आवाजात सांगितलं आणि नजर खाली घातली. नांदेडला विचारा, चाचा म्हणाले. नांदेडची तार पावसानं तुटली होती.

पाच दिवस. ते मी कसे काढले हे मला नीट आठवत नाही, पण काही काही गोष्टी अजून लख्ख आठवतात. सकाळी कुंकवाची डबी उघडायची आणि बोट मध्येच थांबायचं. लावावं तर खोटं ठरेल की काय, न लावावं तर मीच खरं करतेय की काय. कळमनुरीच्या बाजारातून येणाऱ्या बाया दारावरून जाताना आवाज खाली घेत, तर मला वाटे, या बायांना कळलंय आणि मला सांगत नाहीत. पोलीस पाटील गल्लीत दिसला की मी आत जाऊन भांड्यांच्या मागं उभी राहायची, जशी काही बातमी मला शोधत येणार आणि मी दिसले नाही तर परत जाणार. देवाला हात जोडायची तर सोयच राहिली नव्हती. काय मागणार? तुझाच अंगारा आहे, तो भोवऱ्यात जाऊ देऊ नकोस, असं? मी नागनाथाला नागनाथापासूनच वाचव म्हणणार होते. उरलेली पुडी मी तुळशीत पुरली आणि पुरल्यावर त्याचीही भीती वाटली.

आणि एक भीती याहून वाईट होती. ते पडत असतील तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? भोवरा डगमगताना बघून त्यांना वाटलं असेल की माझ्याच हातचं काम चुकलं. हा विचार आला की मी तोंडात पदर कोंबायची.

सहाव्या दिवशी दुपारच्या गाडीनं हे आले. दारात उभे, हातात पिशवी, दाढी वाढलेली. मी त्यांना शिवले. खांदा, हात, कपाळ. ते म्हणाले, अगं, लोक बघून राहिले. मी म्हटलं, बघू द्या.

जेवताना त्यांनी सांगितलं. पूर्णेच्या अलीकडं ढगात असताना भोवरा आधी मंदावला, मग एका बाजूला झुकला. विमानवाला त्याच्यावर विश्वासून वळत गेला, आणि ह्यांच्या लक्षात आलं की आपल्या पिशवीचा लोंबता बंद सरळ खाली न लोंबता भलतीकडं ओढल्यासारखा झालाय आणि वारा जोरानं शिट्टी घालतोय. दोघं ओरडले. विमानवाल्यानं इंजिन मंद केलं आणि देव ठेवील तसं खाली सोडून दिलं. ढगाच्या पोटातून बाहेर पडले तेव्हा झाडांची पानं मोजता येत होती. समोर रेल्वेचे रूळ होते. ते रूळ धरून, झाडांच्या वरून वरून, ढगात एकदाही न जाता त्यांनी नांदेड गाठलं, दोन दिवस तिथं अडकले, मग पुढं.

"कशानं झुकला भोवरा?" मी विचारलं.

हे भाकरी मोडत होते. ताटातून मान वर न करता म्हणाले, "डबीत धूळ निघाली. मिस्त्री म्हनला, तू पुसलीच न्हाई."

"मग?"

"मग काय. म्हनलं, व्हय, राहिली पुसायची."

कारखान्यातलं काम अर्थातच मिळालं नाही. मिस्त्रीनं चाचांचा बुरणूस पसंत केला, पण ज्याला डबी पुसता येत नाही तो माणूस नको म्हणाला. हे दुसऱ्या दिवशी परत जिनिंगमध्ये गेले. बोलायची वेळ तीच होती. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी भ्याले. ते मारतील म्हणून नाही, त्यांनी कधी हात उचलला नव्हता. ते माझ्याकडं बघतील आणि त्यांना दिसेल की आपल्याला ढगात ढकलणारी ही आपल्यासमोर बसून वाढतेय, याला मी भ्याले. आज नाही, उद्या सांगू, असं करत आठ वर्षं गेली.

त्या आठ वर्षांत मी एकच गोष्ट रोज बघत होते. हा माणूस घरातून निघताना जेवणाचा डबा उघडून बघायचा. हत्यारांची पिशवी उलटी करून झटकायचा. कंदिलाची टोपी काढून आत फुंकर मारायचा. आधी त्यांना ही सवय नव्हती. मी समजायची, त्या एका दिवसानं त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला, आता जन्मभर प्रत्येक डबी दोनदा पुसत बसणार. आणि ते करणारी मी. दर वेळी झाकण वाजलं की मी चुलीकडं तोंड फिरवायची.

मग अठ्ठेचाळीस साल आलं, निजामाच्या राज्याचा शेवट जवळ आला. त्या वर्षी भीती एकट्या माझ्या घरची राहिली नाही, गावोगाव वाटली गेली. कोण कधी येईल, कुणाचं घर पेटेल, सांगता येत नव्हतं. चाचा तोवर वारले होते. घराला कुलूप घालून आम्ही माझ्या माहेरी, हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या बाजूला गेलो. भाद्रपद असावा, ज्वारी डोक्याइतकी वाढली होती. एके दिवशी आम्ही बांधावर असताना विमानाचा आवाज आला. माणसं ज्वारीत घुसली. मीही घुसले आणि मातीत तोंड खुपसून पडले. आवाज डोक्यावर येत गेला, आणि मला वाटलं, हे तेच आहे, आठ वर्षं ढगात फिरून आता मला शोधत आलंय. हे माझ्याजवळ उकिडवे बसले होते आणि धाटांमधून वर बघत होते.

"सरळ चाललंय," म्हणाले. "भोवरा बराबर हाय."

मला ते सहन झालं नाही. मातीत तोंड ठेवूनच मी सांगून टाकलं. अंगारा, चकती, तळाशी दोन चिमटी, सगळं. विमान लांब जाईपर्यंत मी बोलत होते. मग आवाज संपला आणि माझं बोलणंही संपलं. मान वर करायची छाती होत नव्हती.

"मला म्हाईत हाय," हे म्हणाले.

मी वर बघितलं.

हैदराबादला मिस्त्रीनं डबी पांढऱ्या कागदावर झटकली होती. राख पडली. त्या राखेत तिळाएवढा, अर्धवट जळालेला बेलाच्या पानाचा तुकडा होता. विमानाच्या डबीत बेलाचं पान कुठून आलं, हे मिस्त्रीला कळायचं कारण नव्हतं. ह्यांना कळलं. त्यांनी नखानं तो तुकडा उचलला, मुठीत घेतला, आणि म्हणाले की डबी पुसायची राहिली माझ्याकडून.

"काहून?" मी म्हटलं. "खरं काहून न्हाई सांगितलं? तुमचं काम गेलं की हो."

"गेलं," ते म्हणाले. गेलं नाही असं ते म्हणाले नाहीत, आणि बरंच केलं, कारण मला ते पटलं नसतं. "बायकोनं राख टाकली म्हनलं असतं, तर ते सगळे हसले असते. तुझ्यावर हसलेलं मला ऐकवलं नसतं."

"अन् मला? मला घरी येऊन काहून न्हाई बोललात?"

ज्वारीतून माणसं एकेक करून बाहेर पडत होती, लेकरांच्या अंगावरची माती झटकत होती.

"तुला कळलं असतं तर तू पुन्हा माझ्यासाठी देवाकडं जायला भेली असतीस. मग माझ्यासाठी कोन जानार होतं?"

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. डोळे पुसल्यावर मला एकदम ते झाकणाचं वाजणं आठवलं, आणि मी विचारलं की मग रोज सकाळी डबा उघडून, पिशवी झटकून काय बघत होता. हातावरचा विश्वास उडाला म्हणून ना?

हे हसले. त्या वर्षात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"माझ्या हाताला काय झालंय? तू अजून कुठं अंगारा टाकला का ते बघत होतो. आठ वर्षं झाली, एकदाबी निघाला न्हाई. मला वाटलं, भेलीच शेवटी."

खरंच होतं ते. त्या दिवसापासून मी औंढ्याला गेलेच नव्हते. ते रोज शोधत होते आणि मी रोज ते शोधणं ऐकून मरत होते.

"आता टाकायचा तर खिशात टाक," ते उठत म्हणाले. "खिशात भोवरा नसतो."

पुढच्या श्रावणात रस्ते मोकळे झाल्यावर मी औंढ्याला गेले आणि पुडी घेऊन आले. फॅक्टरीत पहिली वाफ धरायच्या दिवशी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि वरून टाका मारला. ते दारात थांबले, खिसा चाचपला, आणि जेवणाचा डबा न उघडता तसेच निघाले.